शेंदरी केळ कुणाकुणाच्या दारी

शनिवारी बाबांच्या थडग्यावरची, कापडानं झाकलेली शिळा उघडायची होती. त्याच आठवड्यात एका सकाळी माझी आई केळीच्या बनात गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ती हलेचना. मी तिला आमा म्हणते, बाकी सारं बेट आका झिपोरा, म्हणजे झिपोरा आजी म्हणतं.

"नाओमी," ती म्हणाली, "पुढे येऊ नकोस. आहेस तिथंच थांब."

मला वाटलं साप.

"साप असता तर तुला हाक मारली नसती, काठी मारली असती. हे बघ. लांबूनच बघ."

ती बाबांची केळ होती. वरून साधीच, जाड सालीची, पण आत शेंदरी गर. निखाऱ्यावर भाजली की वास थेट धक्क्यापर्यंत जायचा आणि होड्या बांधायला आलेले लोक कारण नसताना आमच्या घरावरून जायचे. त्या केळीची बाहेरची पानं कडेनं पिवळी पडली होती. देठाशी मोडून ती बुंध्याभोवती लोंबत होती, नाच संपल्यावर सैल झालेल्या गवती घागऱ्यासारखी. मधलं पान मात्र अजून हिरवं, सरळ, काहीच झालं नाही अशा तोऱ्यात. आणि बुंधा खाली, जमिनीलगत, उभा चिरलेला.

"पाणी कमी पडलं असेल," मी म्हणाले.

"पाणी कमी पडलं तर शेजारची रताळी एवढी माजली असती का? वाऱ्यानं मोडलं तर एका अंगानं मोडतं. हा मर रोग आहे. आतून चढत आलाय. आणि आपला नव्हे गं हा. बाहेरचा."

"कशावरून?"

"माझा जन्म गेला या बनात. आपल्या केळीची सगळी दुखणी मला तोंडपाठ आहेत. हे मी कधी पाहिलं नाही. आणि मी पाहिलं नाही ते इथलं नाही."

तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी भरतीची वेळ सांगावी. मग ती आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे आली. बनाच्या कडेला चपला काढल्या, तिथल्याच पिंपातलं पाणी करवंटीनं घेऊन पाय घासून धुतले, आणि अनवाणी घराकडे निघाली. मी तिच्या मागे. वाटेत चर्च लागलं आणि चर्चच्या भिंतीशी रांगेनं उभे असलेले ते मुनवे दिसले.

केळीच्या मुळाशी फुटलेले कोंब, मुनवे. आदल्याच दिवशी खणून काढलेले. एकेकाला पांढऱ्या कापडात गुंडाळून वर रंगीत फीत बांधली होती. मसिग बेटावरच्या घराला निळी, पोरुमाला पिवळी, बाडूला लाल. कारण बाबांनी जाताना आमाचा हात धरून सांगितलं होतं, "माझी शिळा उघडाल त्या दिवशी जे जे घर येईल, त्याला माझ्या केळीचा एक मुनवा द्या. रिकाम्या हातानं कुणी परत जायचं नाही." आमानं शब्द दिला होता. तो शब्द होडीहोडीनं साऱ्या बेटांवर पोचला होता. लोक शिळेसाठी येणार होते, पण खरं सांगायचं तर केळीसाठीही येणार होते.

आमा त्या रांगेपुढं क्षणभर थांबली. एका फितीचा सुटलेला पीळ सरळ करावा असा तिचा हात पुढे झाला. मग तिनं तो मागे घेतला.

घरी फ्रीजच्या दारावर बायोसिक्युरिटीवाल्यांचा नंबर चिकटवलेला होता. झाडावर परकं काही दिसलं तर कळवा, असा. आमानं फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"कुठून बोलताय आपण?" कुठल्याशा मोठ्या शहरातली एक मुलगी विचारत होती.

"बेटावरून."

"कुठल्या रस्त्यावर?"

"रस्ता एकच आहे, बाळा. चर्चपाशी सुरू होतो आणि माझ्यापाशी संपतो."

मुलगी हसली, पण प्रश्न एकही सोडला नाही. कुठली झाडं, कधीपासून, कशी दिसतात. फोटो मागितले. काही कापू नका, हात लावू नका, बनात कुणाला जाऊ देऊ नका, म्हणाली. मग तिनं विचारलं, "तिथून काही बाहेर नेलंय का?"

"मुनवे. कालच खणलेत. शनिवारी वाटायचे होते."

"नाही आजी. ते वाटता येणार नाहीत."

"ते मला कळतंय गं. म्हणून तर फोन केला." आमानं खुर्ची ओढली आणि बसली. "आता फक्त एवढं कर. तू नाही म्हणालीस हे मोठ्यानं परत एकदा म्हण. इथं मला ते काही लोकांना सांगायचंय."

त्या काही लोकांतले पहिले म्हणजे लाबान आवा, आमच्याकडे काकाला आवा म्हणतात.

आमच्याकडे घरात मयत झालं की घरच्यांनी हात लावायचा नाही. सगळं सोयऱ्यांनी करायचं. खड्डा त्यांनी खणायचा, पेटी त्यांनी उचलायची, पुढे शिळा घडवून आणायची, तिच्यावर कापडं चढवायची, जेवण रांधायचं, तेही त्यांनीच. त्यांना आम्ही मारिगेथ म्हणतो, पलीकडच्या जगाला हात लावणारे हात. घरच्यांनी बसायचं, रडायचं, ते वाढतील ते खायचं. आणि मारिगेथच्या कामात बोलायचं नाही. असं नको तसं करा, हे त्यांना म्हणणं म्हणजे साऱ्या बेटादेखत त्यांच्या तोंडात मारणं. लाबान आवा बाबांच्या बहिणीचे यजमान, आणि आमच्या मारिगेथचे म्होरके. उंच माणूस, आवाज ढोलासारखा.

ते चर्चपाशी पोरांकडून मंडप बांधून घेत होते. आमा थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सोयरे, खणणं थांबवा. मुनवे आहेत तिथून हलवू नका."

पोरांचे हात दोरीवरच थांबले.

"वहिनी," आवा अगदी हळू म्हणाले, "तू घरात बस. तुझं काम रडायचं, माझं काम खणायचं."

"माझं रडून झालंय. बनात मर शिरलाय. मी फोन केलाय."

"फोन? पान पिवळं पडलं म्हणून सरकारला फोन? उद्या डास चावला तर लष्कर बोलावशील!"

पोरं हसली. आमाही हसली, आणि त्यामुळं पोरांचं हसू जरा लवकर संपलं.

"डास मला मारता येतो. हे मारता येत नाही, म्हणून बोलावलं."

"ओबेदनं तुझ्याकडून शब्द घेतलाय. साऱ्या बेटांना ठाऊक आहे. शनिवारी लोक हात पुढे करतील तेव्हा मी काय देऊ? माती?"

"माती तर मुळीच नको. माती सगळ्यात वाईट, मर मातीतनंच फिरतो. ओबेदनं केळ द्यायला सांगितली होती, सोयरे. रोग द्यायला नव्हतं सांगितलं. वरून हिरवागार दिसणारा मुनवा आपण फीत बांधून देऊ, आणि पुढच्या वर्षी त्यांचीही बनं अशीच लोंबतील. मग लोक म्हणतील, ओबेदची आठवण."

आवांनी हातातली दोरी खाली टाकली आणि पाठ फिरवली. त्या दिवसापासून ते आमाशी माझ्यामार्फत बोलू लागले. ती समोर बसलेली असली तरी म्हणायचे, "नाओमी, तुझ्या आईला विचार, खुर्च्या कुठं ठेवायच्या ते सरकारला विचारायचं का."

"नाओमी," आमा म्हणायची, "त्यांना सांग, सावलीत."

रोवेना आली ती छोट्या विमानानं, थर्सडे आयलंडहून. बायोसिक्युरिटीचा शर्ट, खांद्याला पेट्या. विमानाच्या पायरीवरच आमानं विचारलं, "कुणाची गं तू?"

"मोआ बेटाची, आका. आईकडून बाडूची."

"मग चहा पिऊन जा बनात."

"आधी बन, आका. चहा प्यायला बसले की तू मला उठू देणार नाहीस."

हे आमाला आवडलं. रोवेनानं पांढरा अंगरखा चढवला, बनाभोवती पट्टी बांधली, कडेला औषधी पाण्याचं घमेलं ठेवलं, त्यात बूट बुडवले आणि मग आत पाऊल टाकलं. बुंध्याचा एक तुकडा तिनं कापला. आतले धागे तपकिरी, लालसर, जळलेल्या वातीसारखे. ते नळ्यांत भरले, नळ्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. आम्ही पट्टीबाहेर उभ्या होतो. आमा हळू आवाजात गात होती. ती कामात असली की गाते, तिला ते कळतही नाही. ते गाणं आमच्या बोलीतलं, अर्थ असा काहीसा :

*माझ्या केळीच्या गं पानी, दर्यावारा विसावला*
*लावणारा गेला दूर, घड दारात वाकला*

*नको वाकू माझ्या बाई, भार सोड माझ्यावर*
*तुला निरोप द्यायला, उभी आहे मी काठावर*

रोवेना बाहेर आली तेव्हा तिचं तोंड गंभीर होतं.

"काय आहे ते?"

"ते प्रयोगशाळा सांगेल, आका. दोन-तीन आठवडे लागतील."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. मी तुकडा पाठवते, अंदाज पाठवत नाही."

"बरोबर आहे," आमा म्हणाली. "पण तुझ्या तोंडावरून मला कळलं. बन जाणार."

रोवेना चर्चपाशी गेली. तिनं भिंतीशी उभे असलेले मुनवे एकेक करून जाड पिशव्यांत घातले, फितींसकट. पहारी धुऊन घेतल्या. मग अखेर चहाला बसली आणि तिनं खरा प्रश्न विचारला.

"ओबेद आजोबांनी ही केळ याआधी कुणाकुणाला दिली होती?"

आमा खळखळून हसली. बाबा गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

"कुणाला दिली नव्हती ते विचार! लग्नाला गेला, गोणीत मुनवा. चर्चच्या सणाला गेला, गोणीत मुनवा. चिंगळं पकडायला म्हणून जायचा, आणि होडीत जाळं विसरायचा पण मुनवा नाही. मला येऊन सांगायचाही नाही. त्याला वाटायचं मी रागावेन, आपल्यालाच उरणार नाही म्हणून."

"मग ती सगळी घरं शोधायला हवीत," रोवेना म्हणाली. "इथून रोग तिकडे गेला असेल, किंवा तिकडून कुणाच्या पहारीला लागून इथं आला असेल. मी बेटाबेटावर जाऊन विचारेन. पण तुला सांगते आका, हा शर्ट बघितला की लोक मुके होतात. त्यात कुणी थर्सडे आयलंडला किंवा पलीकडे मुख्य भूमीवर, केर्न्सला नेली असेल, तर ते तोंडच उघडणार नाहीत. तिकडे झाडं न्यायला बंदी आहे ना. दंडाला भितात."

आमानं कप खाली ठेवला. "बेटाबेटावर कशाला फिरतेस? शनिवारी सगळी बेटं इथं जेवायला येणार आहेत. तू थांब. पण आधी तुझ्या वरच्यांना विचारून ठेव, स्वतःहून सांगेल त्याचं काय करणार ते. मी माझ्या पाहुण्यांना खोट्यात पाडणार नाही."

रोवेना बराच वेळ अंगणात फोनवर बोलत फिरली. परत आली तेव्हा म्हणाली, "स्वतःहून सांगेल त्याच्यावर कारवाई नाही. त्यांना झाड हवंय, माणूस नको."

"मग झालं," आमा म्हणाली.

शनिवारी धक्क्याला होड्या मावेनात. शिळा कापडांनी झाकलेली, फुलांची, रेशमाची, जाळीची, एकावर एक. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. मग नातलगांनी एकेक करून कापड उचललं, आणि शेवटच्या कापडाखालून बाबांचं नाव उन्हात आलं. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. बायका रडल्या, मीही. मग ढोल वाजला आणि रडणं संपलं. आमच्याकडे शिळा उघडली की सुतक फिटतं, त्यानंतर रडायचं नाही.

मारिगेथनी खड्ड्यातल्या भट्टीवरची झाकणं काढली. रोवेनानं बनातलं एक पानही आणू दिलं नव्हतं, म्हणून डुक्कर आणि रताळी नारळाच्या झावळ्या आणि ओल्या पोत्यांखाली शिजवली होती. "पोत्याचा वास येतोय रे!" कुणीतरी ओरडलं. "मग तू पोतं खा, डुक्कर मी खातो," दुसरा म्हणाला. पण लोक भिंतीकडे बघत होते. भिंत मोकळी होती.

पंगत बसायच्या आधी आमा उठली. घरच्या बाईनं त्या दिवशी उभं राहून बोलायचं नसतं. लाबान आवांनी मान दुसरीकडे वळवली.

"तुम्ही भिंतीकडे बघताय," ती म्हणाली. "तिथं तुमच्यासाठी मुनवे होते. आता नाहीत. केळीला मर लागलाय, बाहेरचा, आणि मी स्वतः कळवलंय. सोयऱ्यांची यात चूक नाही, त्यांनी सगळं नीट केलं होतं. शब्द माझा होता, मी तो फिरवला. ओबेद असता तर त्यानंही हेच केलं असतं, फक्त मला सांगितलं नसतं."

थोडे लोक हसले.

"आज मी तुम्हाला काही देणार नाही. मागणार आहे. ज्यांच्या ज्यांच्या दारी माझ्या नवऱ्याची केळ आहे त्यांनी हात वर करा. ही रोवेना, मोआची आहे, तुमचीच लेक आहे. तिला सांगा. आपण सांगितलं तर एखाददुसरं बन जाईल. नाही सांगितलं तर सगळीच जातील, तुमचीही आणि ज्यांना तुम्ही दिलीत त्यांचीही."

कुणी हललं नाही. एक बाळ रडलं आणि गप्प झालं. आमाही उभीच राहिली, कमरेवर हात ठेवून, त्या सकाळी बनात उभी राहिली होती तशी. तिला घाई नव्हती.

मग पोरुमाची एक म्हातारी चटईवरून बोलली, "माझ्या न्हाणीमागं आहे. बारशाला आणली होती त्यानं. बारशाला कुणी केळ आणतं का, झिपोरा?"

"तो आणायचा," आमा म्हणाली.

"माझ्याकडे दोन!" "आमच्या शाळेच्या मागं!" "मला म्हणाला होता, फक्त तुलाच देतोय!" "मलाही तेच म्हणाला होता, लबाड!" हशा उसळला आणि हातांवर हात वर येऊ लागले. मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातच हात. मी बघत राहिले. बाबा इतक्या दारांत उभे होते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. रोवेना गर्दीतून वाकून वाकून फिरत होती, फोनवर नकाशा उघडून.

"आणि पलीकडे? केर्न्सला?" तिनं विचारलं. "स्वतःहून सांगाल तर कारवाई नाही. मी विचारून घेतलंय."

केर्न्सला राहणारा माझा चुलतभाऊ आमोस खाकरला. "माझ्या परसात आहे. बर्फपेटीत घालून नेली. चिंगळांच्या खाली."

"अरे देवा!" त्याची बायको किंचाळली. "म्हणून ती चिंगळं मातकट लागत होती होय!"

हसण्याचा लोट उठला आणि त्यातच लाबान आवा उभे राहिले. माणसं आपोआप गप्प झाली. म्होरक्या मारिगेथ त्या दिवशी सगळ्यात मानाचा माणूस असतो. त्यांच्या अंगावर नवा शर्ट होता, गळ्यात आमच्या घरानं घातलेली माळ.

"मारिगेथला पहिला वाटा घ्यायचा हक्क असतो," ते म्हणाले. आवाज ढोलासारखा नव्हता. "खणला त्याच दिवशी मी एक मुनवा जावयाच्या होडीतून पाठवून दिला. तिर्झाकडे. माझ्या लेकीकडे. वहिनी सांगायला आली तेव्हा तो पोचला होता. आणि मी तिला डासावरून बोललो."

आमा चालत त्यांच्यापर्यंत गेली. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही, नुसता हात पुढे केला. "फोन आणलाय का? लावा."

"काय सांगू?"

"तुम्ही म्होरके. तुम्हाला सांगायला मी कोण?"

आवांनी फोन लावला. सारा मंडप कान देऊन बसला होता.

"तिर्झा? ऐक. मुनवा कुठाय? ... लावलास? कुठं? ... बरं. ऐक आता. त्याला हात लावू नकोस. उपटू नकोस, काही करू नकोस. भोवती दोरी बांध. कोंबड्या कोंड, त्या माती उकरतात. पहार वापरलीस ती तिथंच ठेव. आणि आत्ता, या क्षणी, तुझ्या फ्रीजवर तो नंबर आहे ना, त्यावर फोन कर ... कोण रागावेल? कुणी नाही रागावत. ... कुणी सांगितलं म्हणजे? मी सांगतोय. मीच पाठवला होता, मीच सांगतोय. ते विचारतील कुणी दिला, तर माझं नाव दे. पूर्ण नाव दे."

त्यांनी फोन ठेवला. मग पोरुमाच्या म्हातारीनं आपल्या नातीच्या हातातला फोन हिसकला आणि म्हणाली, "आमच्या घरी लाव गं. न्हाणीमागं जाऊन बघायला सांग, बुंध्याशी फाटलंय का." तिच्या पलीकडच्यानं फोन काढला. त्याच्या पलीकडच्यानं. थोड्या वेळात मंडपभर माणसं एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट घालून ओरडत होती, नुसतं बघ, हात लावू नकोस, खालची पानं बघ, हिरवी आहेत? सगळी हिरवी? आणि कुठल्या कुठल्या बेटांवरून पोरंबाळं परसात धावत होती.

आवांनी एका ताटात डुक्कर वाढलं, रताळं ठेवलं, वर नारळाचं दूध ओतलं आणि ते स्वतः आमासमोर घेऊन आले.

"नाओमी," ते म्हणाले, मग थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आता तरी बस. खा."

आमा बसली. एक घास घेतला. मग भरल्या तोंडानंच रोवेनाला म्हणाली, "मोआचं राहिलं की गं. तुझ्या आईच्या घरी कोण बघतंय?"